कंपनी परदेशी, कारभार नया बाजारात

भोपाळची असो की इंदूरची, मध्य प्रदेशातल्या कोणत्याही कंपनीचं दप्तर ग्वाल्हेरच्या नावावर असतं. कंपनी निबंधकांचं राज्यातलं कार्यालय लष्कर भागात, जयेंद्रगंजच्या संजय कॉम्प्लेक्समध्ये आहे. नया बाजार तिथून काही फार लांब नाही. पण दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसलेला मुलगा फोन उघडतो, तर जाहिरात त्याला जयेंद्रगंजला पाठवत नाही, थेट अमेरिकेला पाठवते. व्हिसा नको, तिकीट नको, घरबसल्या कंपनी. कुणी डेलावेअर सुचवतो, कुणी वायोमिंग, कुणी लंडन, दुबई, एस्टोनिया. जाहिरात खोटीही नसते. परदेशात न राहता तिथे मर्यादित जबाबदारीची कंपनी नोंदवता येते, आणि बऱ्याच देशांत ते काम आपल्याकडच्या जीएसटी नोंदणीपेक्षा कमी डोकेदुखीचं आहे. गाडं अडतं ते त्यानंतर.

ग्वाल्हेरला खरं तर हा प्रकार नवा वाटायला नको. शंभर वर्षांपूर्वी इथे उलटी वाहतूक होती. बाहेरचे शेठ येऊन इथे कंपन्या नोंदवत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याच्या नजरेत शिंद्यांचं ग्वाल्हेर हा परमुलूख होता. संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा होता, संवत १९६३चा, म्हणजे १९०६-०७च्या सुमाराचा. कलकत्त्याच्या बिर्लांनी महाराज माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये, इथे जियाजीराव कॉटन मिल काढली. माधवरावांना उद्योगात पैसा घालण्याची आवड होतीच. टाटांच्या पोलाद कंपनीला सुरुवातीला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे त्यांनी एकट्याने उचलले होते.

संस्थानात कंपनी असण्याचा फायदा काय, तर कर. ब्रिटिश हिंदुस्थानच्या आयकर कायद्यात एक सवलत होती. संस्थानी मुलखात झालेला नफा तिथेच ठेवला तर कर नाही, ब्रिटिश हद्दीत आणला की कर. १९४० मध्ये युद्धापायी जादा नफ्यावर वेगळा कर बसला, तेव्हा ही सरहद्द आणखीच मोलाची झाली. पण मिल ग्वाल्हेरात असली तरी तिच्या कापडाचं गिऱ्हाईक सगळं ग्वाल्हेरात थोडंच होतं! नोंदणी इथली, माल इथला, विक्री ब्रिटिश हद्दीत. मग नफा नेमका कुठे पिकला? जियाजीराव मिलच्या बाबतीत हा वाद आयकर खात्याशी इतका लांबला की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९५८ साल उजाडलं. तोवर संस्थानही उरलं नव्हतं आणि ब्रिटिश हिंदुस्थानही.

याहून मजेशीर उदाहरण ग्रासिमचं. 'ग्वालियर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी' या नावाने ती नोंदली गेली २५ ऑगस्ट १९४७ रोजी, ग्वाल्हेर संस्थानाच्या कंपनी कायद्याखाली. देश स्वतंत्र होऊन दहा दिवस झाले होते, पण संस्थानाचे कायदे अजून चालू होते. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत झालं, १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर इथे लागू झाला, आणि जागची न हलता कंपनी परक्या मुलखातली होती ती देशी झाली. ग्रासिमच्या आजच्या ओळख क्रमांकात 'एमपी १९४७' ही नोंद अजून आहे.

नोंदणी कुठे, काम कुठे आणि नफा कुठे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. ग्वाल्हेरच्या गिरणीला हे वकिलांच्या फीपोटी पैसे मोजून कळलं. फोनवरच्या जाहिरातीत मात्र तिन्ही एकच असल्यासारखं बोललं जातं, आणि आजच्या बहुतेक घोळांचं मूळ तिथे आहे.

सगळ्यात जास्त आकर्षण अमेरिकेतल्या एलएलसीचं, म्हणजे लिमिटेड लायबिलिटी कंपनीचं. हा प्रकार अमेरिकेतही फार जुना नाही. पनामातल्या 'लिमितादा' कंपनीसारखं काही आपल्या देशात असावं म्हणून एका तेल कंपनीने खटपट केली आणि १९७७ मध्ये वायोमिंगने तसा कायदा केला. पुढची दहा-अकरा वर्षं तो जवळजवळ पडून होता, कारण असल्या कंपनीवर कर कसा बसेल हे आयकर खातं सांगेना. १९८८ मध्ये खात्याने खुलासा केला आणि राज्याराज्यांत कायदे झाले. डेलावेअरचा १९९२चा. १९९७ पासून तर एकट्या मालकाची एलएलसी कराच्या हिशेबात 'नाहीच' असं धरायची मुभा आली. कायद्यापुढे कंपनी आहे, करापुढे नाही, अशी ही गंमत.

नोंदणीला लागतं तरी काय? एक नाव, त्या राज्यात पत्ता असलेला रजिस्टर्ड एजंट आणि एक-दोन पानांचा अर्ज. डेलावेअरच्या अर्जात मालकाचं नावही द्यावं लागत नाही. विल्मिंग्टन शहरातल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका साध्या इमारतीच्या पत्त्यावर लाखोंच्या घरात कंपन्या नोंदल्या आहेत. राज्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, कंपन्या वीस लाखांहून जास्त. त्यांच्या खजिन्याला हा धंदा चांगलाच मानवलेला आहे. दर वर्षी १ जूनपर्यंत एलएलसीने ३०० डॉलर भरायचे, धंदा होवो न होवो. वायोमिंगचा किमान आकार ६० डॉलर. एजंटाची वार्षिक फी वेगळी.

पुढची पायरी ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर क्रमांक. अमेरिकन सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी मालकाला तो ऑनलाइन मिळत नाही. एसएस-४ नावाचा अर्ज भरून फॅक्स करावा लागतो, नाहीतर पोस्टाने पाठवावा लागतो, नाहीतर फोनवर तासभर वाट पाहत बसावं लागतं. झटपट कंपनी देणाऱ्या व्यवस्थेचा कणा अजून फॅक्स मशीन आहे, हे ऐकून ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही बरं वाटेल.

यानंतरचा कागद जाहिरातीत बहुधा नसतो. परदेशी माणसाच्या एकट्याच्या एलएलसीने दर वर्षी अमेरिकन आयकर खात्याला ५४७२ क्रमांकाचा फॉर्म द्यायचा असतो, सोबत ११२० फॉर्मचं नाममात्र पहिलं पान. २०१७ पासून हा नियम आहे. मालकाने स्वतःच्या कंपनीत भांडवल घातलं तरी तो कळवण्याजोगा व्यवहार धरला जातो. फॉर्म चुकला तर दंड २५,००० डॉलर. काम ग्वाल्हेरात बसून होत असेल आणि अमेरिकेत ना कचेरी ना नोकर, तर तिथे सहसा कर लागत नाही, हे खरं. पण शून्य कराचं विवरणपत्र न भरल्याबद्दल वीस लाख रुपयांच्या वरचा दंड बसू शकतो, हेही तितकंच खरं. खऱ्या मालकाचं नाव अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे नोंदवायची सक्ती १ जानेवारी २०२४ पासून आली होती. मार्च २०२५ मध्ये ती अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांपुरती उठवली गेली. त्यामुळे जुनी माहितीपत्रकं पाहून घाबरणारे आणि नवी पाहून निर्धास्त होणारे, असे दोन्ही तऱ्हेचे लोक आज भेटतात.

इंग्लंडचा कारभार जुन्या दुकानासारखा, दार सगळ्यांना उघडं. 'कंपनीज हाउस'मध्ये ऑनलाइन अर्ज केला की साधारण चोवीस तासांत प्रमाणपत्र. एक संचालक पुरतो. तो सोळा वर्षांवरचा हवा, देशात राहणारा असलाच पाहिजे असं नाही. २०२४च्या १ मेपर्यंत यासाठी १२ पौंड लागत, मग ५० झाले. इतक्या स्वस्तात कंपनी मिळते म्हटल्यावर चोर-भामट्यांनीही तिचा फायदा घेतला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या शेल्टन स्ट्रीटच्या एका पत्त्यावर हजारो कंपन्या दाटीवाटीने नांदतात. शेवटी २०२३ मध्ये नवा कायदा आला. मार्च २०२४ पासून नुसता पोस्ट बॉक्स पत्ता म्हणून चालत नाही आणि नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकाला आपली ओळख पटवून द्यावी लागते.

एलएलसी आणि ब्रिटिश लिमिटेड कंपनी यांत एक मोठा फरक आहे आणि तो नोंदणी करून देणारे क्वचितच समजावतात. इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी कराच्या दृष्टीनेही तिथलीच रहिवासी धरली जाते. नफा ५०,००० पौंडांच्या आत असेल तर १९ टक्के, अडीच लाखांच्या वर २५ टक्के. मालक ग्वाल्हेरला, माल ग्वाल्हेरचा, तरी पहिला हात ब्रिटिश खजिन्याचा. हिशेबाची पत्रकं उशिरा गेली तर दंड दीडशे पौंडांपासून सुरू होतो. शिवाय संचालकाचं नाव, जन्माचा महिना आणि वर्ष जगात कुणालाही फुकट पाहता येतं. सोयरीक जुळवताना मुलाची लंडनची कंपनी खरी की खोटी हे तपासायचं असेल तर वधूपित्याला एक रुपया लागत नाही.

दुबईचं नातं मराठी माणसाला जास्त ओळखीचं. मसाले-किराण्याच्या व्यापारात नाव काढलेले, मूळचे विदर्भातले धनंजय दातार १९८४ मध्ये वडिलांच्या छोट्या दुकानात हात द्यायला तिथे गेले. त्याच वर्षी अमिरातीचा कंपनी कायदा झाला, आणि त्यानुसार मुख्य भूमीवरच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा स्थानिक माणसाचा असावा लागे. पुढच्या वर्षी जेबेल अलीचा मुक्त विभाग निघाला आणि परक्याला पूर्ण मालकीची वाट मिळाली. आता अमिरातीत असे चाळीसहून अधिक विभाग आहेत. जून २०२१ पासून मुख्य भूमीवरही बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी चालते. पण 'दुबईत कर नाही' हे वाक्य शिळं झालं आहे. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ३,७५,००० दिरहमांच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. मुक्त विभागाला सवलत मिळते, पण अटी पाळल्या तर. आणखी एक बारीक गोष्ट: अमिराती अपोस्टिल करारात नाही. त्यामुळे ग्वाल्हेरच्या पदवीचा किंवा कंपनीच्या ठरावाचा कागद परराष्ट्र मंत्रालय आणि मग वकिलात अशा फेऱ्या करतच जातो.

एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये ई-रेसिडेन्सीचं कार्ड काढलं तेव्हा मोठा गाजावाजा झाला. कार्डाने कंपनी काढता येते, सही करता येते, पण त्या देशात राहता येत नाही. नफा वाटेपर्यंत कर नाही, ही तिथली खरी ओढ. सिंगापूरला निदान एक संचालक तिथला रहिवासी लागतो, म्हणजे तो भाड्याने घ्यावा लागतो. जर्मनीत जीएमबीएच या मर्यादित कंपनीला २५,००० युरोचं भांडवल आणि नोटरीसमोर हजेरी, त्यामुळे घरबसल्या कंपनी काढणारे तिकडे फिरकत नाहीत.

कागद हाती आला तरी बँक खात्याशिवाय तो भिंतीवर टांगण्यापुरता. आणि खातं उघडणं सर्वांत अवघड. जुन्या बँका मालकाला समोर उभं करा म्हणतात. तिथलं गिऱ्हाईक, तिथलं वीजबिल, तिथला पत्ता मागतात. म्हणून बहुतेक लोक ॲपवाल्या वित्त कंपन्यांकडे वळतात. या कंपन्या स्वतः बँक नसतात, दुसऱ्याच बँकेच्या आडोशाने खाती चालवतात. एप्रिल २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची मधली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो सामान्य खातेदारांचे पैसे महिनोन् महिने अडकले. खात्यांचा हिशेब आणि बँकेतले पैसे जुळत नव्हते. नया बाजारातला जुना मुनीम असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता: बही कुणाकडे आहे?

तरीही लोक या खटाटोपात पडतात, त्याला कारण आहे. ग्वाल्हेरातली मराठी घराणी शिंद्यांच्या पाठोपाठ आली ती फौजेत, दरबारात, कचेऱ्यांत, पुढे शाळा-कॉलेजांत आणि गाण्यात रमली. बाजार इतरांच्या हाती राहिला. या घरांतली आजची मुलं इथल्या ट्रिपल आयटीतून किंवा माधव इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडतात, सॉफ्टवेअर लिहितात आणि अमेरिकन गिऱ्हाईक शोधतात. त्यांना डॉलर घेण्याची सोय हवी असते. स्ट्राइप या पेमेंट कंपनीने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत. तीच स्ट्राइप पाचशे डॉलरमध्ये डेलावेअरची कंपनी काढून देते. इथे दार लोटलेलं आणि तिथे पायघड्या. माणूस तिकडे जाणारच.

जातो तेव्हा सहसा क्रेडिट कार्ड वापरतो, आणि पहिली ठेच तिथेच लागते. भारतात राहणाऱ्याने परदेशातल्या शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपनीत एक डॉलर जरी भांडवल म्हणून घातला, तरी २२ ऑगस्ट २०२२च्या परकीय गुंतवणूक नियमांनुसार ती 'थेट परदेशी गुंतवणूक' ठरते. त्यासाठी आधी बँकेमार्फत 'फॉर्म एफसी' भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीचा यूआयएन क्रमांक घ्यायचा, मग पैसे पाठवायचे. उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, ती इथे पुरून उरते. पण क्रम चुकवायचा नाही.

हा फॉर्म घेऊन एखाद्या सरकारी बँकेच्या लष्करमधल्या शाखेत गेलं की काय होतं? खिडकीवरचा माणूस आधी तो शिक्षणासाठी पैसे पाठवायचा फॉर्म समजतो. तसा नाही म्हटल्यावर साहेबांकडे पाठवतो. साहेब रकाने वाचतात: परदेशी कंपनीचं नाव, देश, धंद्याचा कोड, भाग कुणाचे किती, पैसा कुठून आला. मग फाईल बँकेच्या परकीय चलन शाखेकडे जाते, तिथून शंका येतात, सीएचं प्रमाणपत्र मागितलं जातं. डेलावेअरने कंपनी एका दिवसात दिलेली असते, इथला क्रमांक यायला कित्येक आठवडे लागतात. वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढची रक्कम पाठवली तर गुंतवणुकीवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकून राहतं.

नियमांत आणखी दोन काटे आहेत. व्यक्तीने अशी गुंतवणूक करायची तर कंपनी खरोखर धंदा करणारी हवी आणि वित्तसेवेतली नको. शिवाय तिच्यावर त्या माणसाचा ताबा असेल तर तिला उपकंपनी असता कामा नये. आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल द्यायचा. विसरलं तर विलंब शुल्क साडेसात हजार रुपये. आकडा लहान आहे, पण जुना अहवाल बाकी असेल तर पुढची रक्कम पाठवायला बँक तयार होत नाही. कार्डाने पाचशे डॉलर भरून मोकळे झालेल्या कित्येकांना हा सगळा प्रकार दोन-तीन वर्षांनी, कुणी गुंतवणूकदार कागद मागतो तेव्हा समजतो.

आता कराचं. कंपनी कुठली, हे नोंदणीवरून ठरवायचं की ती चालते कुठून यावरून, हा झगडा इंग्रजांच्या न्यायालयात १९०६ मध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीवरून गाजला होता. नोंदणी दक्षिण आफ्रिकेतली, खाणी तिथल्या, मुख्य कचेरी किंबर्लीला. पण महत्त्वाचे निर्णय संचालक लंडनला घेत. म्हणून कंपनी लंडनची, असा निकाल झाला. भारताने हाच विचार 'परिणामकारक व्यवस्थापनाचं ठिकाण' या नावाने २०१५ मध्ये आयकर कायद्यात आणला आणि २०१७-१८ या कर आकारणी वर्षापासून तो लागू झाला. म्हणजे कागदावर डेलावेअरची असलेली कंपनी सगळे निर्णय ग्वाल्हेरात घेत असेल तर ती भारतीय रहिवासी ठरू शकते, आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर.

इथे सल्लागार एक पत्ता काढतात. फेब्रुवारी २०१७च्या परिपत्रकाने ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना या कलमातून वगळलं आहे. 'मग काय, नफा तिकडेच ठेवा, वाटेपर्यंत कर नाही!' हे ऐकायला झकास आहे, पण अर्धवट आहे. कंपनी अनिवासी राहिली तरी भारतात पिकलेलं उत्पन्न भारतातच करपात्र असतं. प्रोग्राम लिहिणारा माणूस ग्वाल्हेरात, संगणक ग्वाल्हेरात, गिऱ्हाइकाशी बोलणारा ग्वाल्हेरात. मग नफा डेलावेअरच्या त्या इमारतीत पिकला असं कोणता अधिकारी मान्य करील? जियाजीराव मिलच्या वादाचा गाभा हाच होता, आणि त्या मिलजवळ निदान खऱ्याखुऱ्या संस्थानाचा आसरा होता. शिवाय त्या मुलाने स्वतःच्या कंपनीला स्वतःच्याच कामाचं बिल लावलं तर तो संबंधित पक्षांमधला आंतरराष्ट्रीय व्यवहार होतो आणि सीएच्या सहीचा ३सीईबी अहवाल लागतो. त्याला किमान रकमेची मर्यादा नाही.

दुबईला राहायला जाऊन सुटता येईल असंही नाही, निदान पूर्ण नाही. २०२० पासूनच्या तरतुदीनुसार भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून बाकी उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर तो भारताचा रहिवासी मानला जातो.

सर्वांत जड दगड २०१५चा काळा पैसा कायदा. रहिवासी माणसाने विवरणपत्राच्या 'शेड्युल एफए'मध्ये परदेशी खातं, भाग, सहीचा अधिकार, सगळं मांडायचं असतं. तेही जानेवारी ते डिसेंबर या इंग्रजी वर्षाप्रमाणे, म्हणजे बाकीच्या विवरणपत्राशी न जुळणारं. लपवलं तर दंड दहा लाख रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, त्यामुळे लहानसहान एलएलसीवाले थोडे सैलावले. मात्र कर चुकवलेलं उत्पन्न सापडलं तर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड. आणि सापडणं आता सोपं आहे. इंग्लंड, अमिराती, सिंगापूर खात्यांची माहिती दर वर्षी आपोआप पाठवतात. अमेरिकेशी २०१५ पासून वेगळा करार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने असल्या खातेदारांना संदेश पाठवायची मोहीमच काढली.

'मर्यादित जबाबदारी'चं काय? कंपनी बुडाली तर घर वाचेल, ही मूळ आशा. १८९६ मध्ये लंडनच्या ॲरॉन सॉलोमन या बुटांच्या कारखानदाराने ती खरी करून दाखवली. कंपनीत सगळं त्याचं आणि घरच्यांचं, तरी न्यायालयाने म्हटलं की कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. पण लहान धंद्यात ही भिंत पातळ असते. बँक कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी घेतेच. एकट्याच्या एलएलसीच्या खात्यातून घरचं किराणा सामान आलं की अमेरिकन न्यायालयं पडदा बाजूला सारू शकतात. आणि नया बाजारातली उधारी तर अजूनही घराणं बघून मिळते. 'लिमिटेड'ची पाटी पाहून इथे कुणी कापडाचं थान सोडत नाही.

मोठ्या उद्योगांना या वाटेने खरोखर मिळालं आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली, भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीची कार्ल डान पेडिंगहाउस. तिथे कारखाने होते, कामगार होते, गिऱ्हाईक होतं, आणि कंपनी त्या धंद्यासाठी होती. स्टार्टअपवाल्यांनी मात्र गुंतवणूकदाराच्या सोयीसाठी मुख्य कंपनीच बाहेर नेली. बंगळुरूच्या फ्लिपकार्टची मूळ कंपनी सिंगापूरला गेली. आता उलटे वारे आहेत. फोनपे २०२२ मध्ये सिंगापूरहून भारतात परतली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांनी सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरला. ग्रो २०२४ मध्ये डेलावेअरहून आली, अमेरिकेला सुमारे १,३४० कोटी देऊन.

मग ग्वाल्हेरातल्या कुणाला परदेशी कंपनी खरोखर उपयोगी? इथला हिरवट वालुकाश्म 'मिंट' नावाने इंग्लंडच्या अंगणांत फरशी म्हणून बसतो. एखादा दगड निर्यातदार तिथे गोदाम घेऊन माल साठवणार असेल, तिथल्या बिल्डरला तिथल्याच व्हॅटचं बिल देणार असेल, तर लंडनची कंपनी त्याच्या कामाची. अमेरिकन भांडवलदाराकडून खरोखर पैसा येणार असेल तर डेलावेअर. पण ज्याला चार परदेशी गिऱ्हाइकांचे डॉलर घ्यायचे आहेत, त्याला इथल्याच प्रोप्रायटर फर्मने, एलयूटी हे हमीपत्र भरून, जीएसटीशिवाय निर्यात बिल काढून, परवानाधारक पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेता येतात. बँकेचं परकीय प्रेषण प्रमाणपत्रही मिळतं. याची कुणी जाहिरात करत नाही, कारण यात दर वर्षी फी घेणारा एजंट नाही. त्यातून इथेच कंपनी काढायची म्हटली तर जयेंद्रगंजलाही जावं लागत नाही. अर्ज ऑनलाइन हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जातो, आणि नोंद ग्वाल्हेरच्या नावे होते.

काढलेली कंपनी नको झाली तर नुसती सोडून देता येत नाही. डेलावेअरचे ३०० डॉलर आणि त्यावरचा दंड, व्याज साचत राहतं, रद्द करायचा अर्ज आधीची बाकी भरल्यावरच स्वीकारतात. इंग्लंडमध्ये पत्रकं न भरलेली कंपनी निबंधक स्वतःहून खोडतो, पण त्या वेळी तिच्या खात्यात जे काही शिल्लक असेल ते राजसत्तेच्या मालकीचं होतं. आणि ग्वाल्हेरच्या बँकेत तोच फॉर्म एफसी पुन्हा भरायचा असतो: विक्रीचे किंवा विसर्जनाचे पैसे नव्वद दिवसांत भारतात आणायचे, आल्यापासून तीस दिवसांत ते कळवायचं. त्याआधी राहिलेले सगळे वार्षिक अहवाल.